दोष कोणाचा आणि जबाबदारी कोणाची?

तान्हे मूल दगावले की पहिला प्रश्न बहुधा त्याच्या आईलाच विचारला जातो. काय खाल्लेस? कोठे गेली होतीस? काहीजण तर मनातल्या मनात तिचे पापही शोधू लागतात. हा प्रश्न किती अन्यायाचा आहे हे कळावे म्हणून एक घडलेली हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी रॉयल ज्युबिली प्रसूतिगृहाच्या नवजात बालकांच्या विभागात, जानेवारी २०१२ मध्ये, स्यूडोमोनस नावाच्या जंतूच्या संसर्गाने तीन बालके मरण पावली. हा जंतू ओलाव्यात राहतो. निरोगी माणसाला तो सहसा बाधत नाही. परंतु ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाची गोष्ट निराळी. रोगाशी झुंजणारी द्रव्ये आईकडून बाळाला मिळतात ती बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत. ती त्याला पुरती मिळालेली नसतात. फुप्फुसे कच्ची असतात, श्वासासाठी कित्येकदा नळी घालावी लागते. त्या वाटेने असा जंतू आत गेला, तर होणारा न्यूमोनिया जिवावर बेततो.

बेलफास्टला तपास केला तेव्हा हा जंतू विभागातील पाण्याच्या नळांत आढळला. स्वच्छतेसाठी ज्या पाण्याकडे जायचे, तेथेच तो होता!

आता दोष कोणाचा? आईचा तर नव्हेच. हात धुणाऱ्या परिचारिकेचा हेतूही चांगलाच. मग कोणीच उत्तर द्यायचे नाही काय? तसे म्हणता येणार नाही. दोष नसला तरी जबाबदारी उरते. तेथे नळ बदलण्यात आले, आणि अशा बालकांना धुण्यापुसण्यासाठी निर्जंतुक पाणीच वापरावे अशी सूचना निघाली.

कोणी म्हणेल, न कळलेल्या गोष्टीचीही जबाबदारी घ्यायची तर सेवेला पुढे कोण येईल? आमचे उत्तर असे की, सर्वज्ञ असावे अशी कोणाकडूनही अपेक्षा नाही. अपेक्षा एवढीच की, आपले काम दुसऱ्याने तपासले तर राग मानू नये, आणि चूक दिसताच ती सुधारावी. चांगल्या हेतूने केलेले कामही तपासावे लागते.

म्हणून बाळंतिणीच्या भेटीस जाताना आपण हात धुऊन जावे, सर्दी-खोकला असल्यास घरीच थांबावे. आणि जिचे मूल गेले आहे, तिला कारण विचारू नये; तिच्याजवळ बसावे.