मागच्या रांगेतला उकाडा

आज स्टिअरिंगवर बसू नका. किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्या आणि सरळ तिसऱ्या रांगेत जाऊन बसा. गुडघे पुढच्या सीटला टेकतील, टेकू द्या. गाडी उघड्यावर उभी असू द्या. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसायचं नाही, त्या धुराने माणूस जातो. वेळ भर दुपारची घ्या, मे महिन्यातली. वाशीमच्या मे महिन्यात जो एसी टिकला तो बाकी वर्षभर टिकतो.

अजून काहीच सुरू करू नका. ऊन कुठून येतंय एवढंच पाहा. डोक्यावर पत्रा आहे, मागे काच आहे, बाजूला काच आहे. आता या रांगांत माणसं आणा. रामनवमीला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला निघालेलं एखादं कुटुंब घ्या: आजी, दोन सुना, लेकरं, मधे डबे आणि पाण्याची कॅन. स्वस्थ बसलेलं एक माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतं. म्हणजे सात जणांची गाडी आतूनच सातशे वॅटने तापते, उन्हाचा हिशेब वेगळाच. हे सगळं शोषून बाहेर फेकायचं काम आपण मागच्या एसीच्या त्या छतातल्या जाळीवर सोपवलेलं असतं.

आता गाडी सुरू करायला सांगा. काचा दोन-चार मिनिटं उघड्याच ठेवा, कोंडलेली गरम हवा निघून जाऊ द्या. मग काचा लावा, पुढचा एसी लावा, मागचा ब्लोअर लावा. हात जाळीजवळ न्या आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: वारा येतोय का? थंडाव्याचं नंतर. आधी वारा.

वारा नसेल तर गॅसचा विचारही करू नका. डॅशबोर्डवर मागच्या एसीचं वेगळं बटण आहे का ते पाहा. लेकरांच्या हाताने ते बंद झालेलं असतं, असं कितीदा तरी होतं. मग फ्यूज, मग रिले, मग ब्लोअरची मोटर. वारा फक्त सगळ्यात मोठ्या स्पीडवरच येत असेल तर बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो, आणि हे काम एसीवाल्यापेक्षा गाडीच्या वायरमनचं.

वारा येतोय, पण कोमट? मग इथे थोडं थांबा, कारण खरा गुंता इथेच आहे. इनोव्हासारख्या गाडीत कॉम्प्रेसर एकच, पण कूलिंग कॉइल दोन: एक डॅशबोर्डमागे, एक मागे. गॅसच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून लांब मागे जातात. कॉइलच्या तोंडाशी एक्सपान्शन व्हॉल्व्ह असतो. दाबाखालचा द्रव त्यातून निसटला की दाब पडतो, तो उकळू लागतो, आणि उकळायला लागणारी उष्णता आपल्या हवेतून ओढून घेतो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, तेच इथे बंद नळीत चालतं. गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो.

आता पुढे बसलेल्याला विचारा. तो म्हणेल, ‘‘इथं तर मस्त थंड लागतंय.’’ हे वाक्य आपल्याकडे तक्रार मिटवायला वापरतात. पुढे घरधनी किंवा जावई. मागे बायका, म्हातारी, पोरं. मागच्यांचा उकाडा घरात सगळ्यात उशिरा ऐकला जातो. पण शांतपणे ऐकलं तर तपासातला सगळ्यात मोलाचा पुरावा याच वाक्यात आहे. पुढे थंड आहे, म्हणजे कॉम्प्रेसर चालतोय आणि कंडेन्सरही काम करतोय. दोष मागच्या फाट्यावर शोधायचा: अडकलेला व्हॉल्व्ह, नाहीतर धुळीने लिंपलेली कॉइल. गॅस थोडा कमी झाला असेल तरी पुष्कळदा आधी मागच्यांनाच कळतं, म्हणून तीही शक्यता मनात राहू द्या.

धुळीकडे जरा जास्त वेळ पाहा. मागचं युनिट बाहेरची हवा घेत नाही, गाडीतलीच फिरवतं, आणि बहुतेक गाड्यांत तिथे फिल्टर नसतो. सीटचा धागा, केस, चिवड्याचा भुगा, पायाला लागून आलेली काळी माती, सगळं त्या ओल्या कॉइलवर बसतं. वारा अडला की कॉइलवर बर्फ धरतो आणि तासाभराने जाळीतून येणारा वारा आणखी कमी होतो. पाण्याची नळी तुंबली तर छतातून थेंब पडतात किंवा पायाखालचं मॅट ओलं होतं. पुढचा एसी बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवलेला असेल तर मागच्या कॉइलला गाडीभर तापलेली हवा गार करावी लागते. तेवढं एक बटण बदललं तरी फरक पडतो.

उलट, पुढे-मागे दोन्हीकडे थंडावा कमी असेल तर बॉनेट उघडा. समृद्धी महामार्गावर चालताना थंड आणि वाशीमच्या चौकात उभं राहिलं की कोमट, असं होत असेल तर कंडेन्सरचा पंखा किंवा कंडेन्सरवर बसलेला भुसा पाहा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाडीला हा भुसा चुकत नाही.

आणि आता एसीवाल्याचा तो नेहमीचा उपाय: ‘‘गॅस कमी झाला असन भाऊ, भरून देतो.’’ घाई करू नका. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. एका उन्हाळ्यात कमी झाला तर कुठूनतरी बाहेर पडलाय. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, म्हणून गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. पोटाखालच्या लांब नळ्यांना दगड लागतात, चिखल साचून त्या गंजतात. तिथे आधी बॅटरी मारून पाहायला सांगा. डाग सापडला नाही तर नायट्रोजनचा दाब भरून पाहतात. नुसता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं बिल आजच फाडणं. शिवाय हवेत सुटलेला एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांत सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो.

गळती बंद झाली की निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढायला लावा आणि गॅस वजन करूनच भरून घ्या. किती ग्रॅम लागतो ते बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं; मागचा एसी असलेल्या गाडीला तो जास्त लागतो आणि प्रमाणाबाहेर भरला तरी थंडावा घटतो. भरलेले ग्रॅम बिलावर लिहून मागा. ज्याच्याकडे वजनकाटा नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका.