अंगण वाकडें

नाचतां येईना अंगण वाकडें, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि प्राध्यापकीच्या पेशांत शिरल्यापासून ती दुसऱ्यांस ऐकवीतही आलों आहों. नापास झालेला विद्यार्थी प्रश्नपत्रिकेस नांवें ठेवूं लागला म्हणजे ती आमच्या ओठांवर आपोआप येते. ह्या म्हणींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अंगण सरळच असतें. दोष असलाच तर तो नाचणाराच्या पायांत. पण अंगण खरोखरच वाकडें असलें तर? तें ओळखावयाचें कोणीं, आणि ओळखावयास शिकावयाचें कसें? गेल्या वर्षीं आमच्या घरांत घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें हा प्रश्न आमच्यापुढें उभा केला, आणि तो अद्याप हलावयास तयार नाहीं.

आमची पुतणी ‘इंटरॅक्शन डिझाइन’ नांवाची विद्या शिकत होती. हें नांव बिल मॉग्रिज व बिल व्हरप्लँक ह्या दोघांनीं १९८० नंतरच्या दशकांत रूढ केलें. वस्तूचा आकार आणि रंग ठरला म्हणजे ह्या विद्येचें काम संपत नाहीं. तेथें तें सुरू होतें. माणसानें कळ दाबली असतां वस्तूनें काय उत्तर द्यावें, तें उत्तर त्यास कळावें कसें, आणि चूक झाल्यास माघारीं फिरण्याची वाट कोणती, हें सर्व आधीं विचार करून ठरवून ठेवणें, म्हणजे ही विद्या. हिच्या शेवटच्या सहामाहींत लेखी परीक्षा नसते. विद्यार्थ्यानें लोकांच्या घरीं जावें, त्यांची अडचण पाहावी, तिच्यावर उपाय योजावा, त्याचा कच्चा नमुना करून त्याच लोकांपुढें ठेवावा, तो फसला कीं मोडून पुन्हां करावा, आणि अखेरीस जें हातीं लागेल तें परीक्षकांस दाखवावें. आम्हांस हा सर्व पोरखेळ वाटला होता. तत्त्व एकदां नीट समजलें म्हणजे कृति ही त्याच्या मागोमाग येतेच, असा आमचा ग्रह होता. तीस वर्षें नीतिशास्त्र शिकविणाऱ्या माणसाचा असा ग्रह असणें स्वाभाविकही होतें आणि सोयीचेंही होतें.

एका रविवारीं सकाळीं ती आमच्या घरीं आली. तिनें विषय घेतला होता वृद्धांच्या औषधांचा, आणि तिचा डोळा होता तिच्या आजीवर, म्हणजे आमच्या मातोश्रींवर. मातोश्रींचें वय ऐंशीच्या पुढें. दिवसाकांठीं पांच गोळ्या त्यांच्यामागें लागलेल्या. पुतणीनें पत्त्यांएवढ्या पुठ्ठ्यांवर मोबाईल फोनाचे पडदे हातानें रेखाटून आणले होते. एक पुठ्ठा पुढें ठेवावयाचा, आजीनें त्यावर बोट टेकलें कीं तो उचलून दुसरा ठेवावयाचा. यंत्राचें काम तीच करणार. “आजी, सकाळचे आठ वाजलेत असं समज,” असें म्हणून तिनें तोंडानेंच घंटी वाजविली.

मातोश्रींनीं पुठ्ठा उचलून कानास लावला.

“अगं आजी, असं नाही!” पुतणी ओरडली, आणि लगेच तिनें जीभ चावली. परीक्षण चालू असतां करणारानें एक अक्षरही बोलावयाचें नाहीं, नुसतें पाहावयाचें आणि टिपून ठेवावयाचें, असा तिच्या शिक्षकांचा दंडक होता. तिनें पुन्हां घंटी वाजविली. ह्या वेळीं आजीनें पुठ्ठ्याकडे नीट पाहिलें. त्यावर दोन चौकटी होत्या, ‘घेतली’ आणि ‘नंतर’. त्यांनीं ‘घेतली’वर बोट ठेवलें, घंटी थांबली. “बंद झालं बाई एकदाचं,” असें म्हणून त्या समाधानानें मागें टेकल्या. गोळी डबींतच होती. नातीचा उतरलेला चेहरा पाहून मात्र त्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, “मी मेली अडाणी, मला काय कळतंय त्यातलं!”

त्या घटकेस आमच्या खोलींत जी शांतता पसरली ती आम्ही विसरलों नाहीं. जिच्या सोयीसाठीं हा सगळा खटाटोप, तिनेंच गुन्हा कबूल करून टाकला होता, आणि खरा गुन्हेगार पुठ्ठे हातांत धरून समोर बसला होता.

येथें एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आणून दिली पाहिजे. वापरणाराची चूक ही पुष्कळदां रचणाराचीच चूक असते, हें तत्त्व आमच्या पुतणीस ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्याच विषयावर तिनें मागील सहामाहींत निबंध लिहिला होता आणि तो आम्हीं वाचलाही होता. पण प्रसंग आला तेव्हां तिच्या तोंडून निघालें तें ‘असं नाही!’ म्हणजे म्हण जिंकली आणि निबंध हरला. गिल्बर्ट राइल ह्या इंग्रज तत्त्वज्ञानें १९४५ सालीं एका व्याख्यानांत ‘अमुक आहे हें जाणणें’ आणि ‘अमुक कसें करावें हें जाणणें’ ह्या दोहोंत भेद केला. दुसरें ज्ञान पहिल्याचें शेंपूट नव्हे, असें त्याचें म्हणणें. हा भेद आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. त्याचा अर्थ आम्हांस त्या पुठ्ठ्यांनीं सांगितला.

आणि ही कांहीं आजींच्या गोळ्यांपुरतीच गोष्ट नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं बी-१७ विमानें सुखरूप जमिनीस लागल्यावर वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजीं चाकेंच वर घेत, आणि विमान पोटावर आदळे. दोष अर्थात् वैमानिकांचा ठरे. अल्फॉन्स चॅपॅनिस ह्या मानसशास्त्रज्ञानें पाहिलें तों दोन्ही कळा शेजारीं शेजारीं आणि दिसावयास सारख्याच. त्यानें एकीस लहानसें चाक बसविलें, दुसरीस पाचरीसारखा तुकडा. हातास फरक कळूं लागला आणि ही चूक थांबली. पुढें २८ मार्च १९७९ रोजीं पेन्सिल्व्हेनियांतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रांत एक झडप उघडी अडकून राहिली. तिचा दिवा मात्र विझला, आणि कामगारांनीं झडप मिटली असें धरलें. दिव्यास खरें पाहतां इतकेंच ठाऊक होतें कीं मिटण्याचा हुकूम सुटला आहे. थंड राखणारें पाणी त्या झडपेंतून बाहेर जात राहिलें, आणि अणुभट्टीचा गाभा कांहीं अंशीं वितळला. आमच्या मातोश्रींचा ‘घेतली’ हा शब्द त्या दिव्याच्याच जातीचा होता. आवाज बंद करण्याची इच्छा झाली, एवढेंच त्यास ठाऊक. गोळी पोटांत गेली कीं नाहीं, हें ठाऊक नाहीं.

पुतणी त्यानंतर तीन वेळां आली, पण पुठ्ठे न घेतां. ती आजीजवळ नुसती बसून राही. तिसऱ्या खेपेस तिला दिसलें कीं देवघराशेजारीं एक लहान वाटी असते. सकाळीं तुळशीस पाणी घालून झालें कीं आजी दिवसभराच्या गोळ्या तींत मोजून ठेवते, आणि सांजवात झाल्यावर शेवटची गोळी घेऊन वाटी पालथी घालते. घड्याळाचा त्यांत कोठेंच संबंध नव्हता. ही युक्ति आमच्याच घरांत, आमच्या डोळ्यांदेखत, कित्येक वर्षें चालू होती. आम्हीं ती कधीं पाहिली नव्हती. त्या वाटीवरून पुतणीनें कप्प्यांची एक लांकडी डबी केली. तिचें झांकण वेळेवर उघडलें नाहीं तरच ती हलकेंच वाजावयाची. आणि उघडलें तर सुनेच्या फोनावर अक्षरें उमटावयाचीं तीं ‘गोळी घेतली’ अशीं नव्हेत, तर ‘डबी उघडली’ अशीं. यंत्रास जेवढें ठाऊक तेवढेंच त्यानें बोलावें, हा तिचा आग्रह. सत्याची व्याख्या आम्हीं पुष्कळ ग्रंथांत वाचली होती. झांकणावर बसविलेली प्रथमच पाहिली.

चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्यानें १९५८ सालीं भारत सरकारास जो अहवाल दिला, त्यांत त्यांनीं आपल्या लोट्याची मोठी वाखाणणी केली आहे. लोटा कोणा एकाच्या डोक्यांतून निघालेला नाहीं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनीं घडलेला आहे. आम्हांस वाटतें, ह्याचें एक कारण साधें असावें. तांबट त्याच आळींत राहत होता. लोट्याची कड हातास लागली तर बाई दुकानासमोर येऊन त्यास चार शब्द सुनावून जात असे. आज फोनांतला पडदा रचणारा हजार कोसांवर असतो. बाई स्वतःलाच अडाणी म्हणते आणि तें त्याच्या कानांवर जात नाहीं. शेवटच्या सहामाहींतील हें काम म्हणजे त्यास कांहीं आठवड्यांपुरतें त्या आळींत राहावयास पाठविणें होय. त्याचें खरें मोल हातांच्या कौशल्यांत नाहीं; दुसऱ्याची फजिती मुकाट्यानें पाहून ती आपल्या खातीं मांडण्यांत आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्हीं स्वतःच घेतला होता. सगळाच दोष अंगणाचा मानला तर नाचावयास शिकेल कोण? सतार अवघड आहे, ज्ञानेश्वरी अवघड आहे, भूमिति अवघड आहे. त्या सोप्या करूं गेलें तर त्या उरणार नाहींत. हें खरें आहे. पण अवघडपणा दोन प्रकारचा असतो. एक विषयाच्या पोटांतला. त्याच्याशीं झगडणारा माणूस झगडून मोठा होतो. दुसरा रचणाराच्या आळसांतला किंवा अहंकारांतला. त्याच्याशीं झगडणारा केवळ थकतो आणि स्वतःस अडाणी म्हणवून घेतो. उलट, सोपेपणाही निर्दोष असतोच असें नाहीं. बोट सरकवीत तासच्या तास बसून राहावें इतकें आजचें फोनाचें अंगण गुळगुळीत केलेलें असतें. तेथें घसरणारासही आपण घसरलों हें कळत नाहीं. तेव्हां सोपें कीं अवघड, एवढ्यानें निकाल लागत नाहीं. ज्याच्यासाठीं केलें त्याचें त्यांत हित झालें काय, हेंच विचारावें लागतें. आणि हें विचारण्यास त्याच्याशेजारीं जाऊन बसल्यावांचून दुसरा उपाय नाहीं.

आम्हीं स्वतः काय केलें, हें सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आमचीं टिपणें दरसालीं विद्यार्थी उतरवून घेतात. त्यांतला पहिला परिच्छेद आम्हीं एका विद्यार्थ्यास वाचावयास देऊन त्याचा अर्थ सांगावयास सांगितलें, आणि गप्प बसलों. तो दुसऱ्याच वाक्यावर अडला. ‘असें नव्हे!’ हे शब्द आमच्या दांतांपर्यंत येऊन परत गेले. मग तो मान खालीं घालून म्हणाला, “माझं वाचन कमी आहे, सर.” तें वाक्य आम्हीं घरीं येऊन पुनः पुनः वाचलें. त्यांत तीन नकार होते आणि कर्ता शेवटीं होता. विषय अवघड नव्हता. असे किती विद्यार्थी ह्या तीस वर्षांत मान खालीं घालून गेले असतील, ह्याचा हिशेब आतां लागणें नाहीं.

पुतणीस गुण उत्तम मिळाले. डबी नियमाप्रमाणें महाविद्यालयाच्या कपाटांत गेली. दिवाळींत ती घरीं आली तेव्हां आजीनें विचारलें, “माझी डबी कधी गं येणार?” पुतणी कांहीं बोलली नाहीं. परीक्षणाच्या वेळीं न बोलण्याचा दंडक तिनें पाळला होता, पण हें न बोलणें त्यांतलें नव्हे, हें आम्हांसही कळलें. ज्याच्या चुकांवर आपण शिकलों त्याचें आपण कांहीं देणें लागतों, हें कोणत्याही सहामाहीच्या अभ्यासक्रमांत लिहिलेलें नसतें. ती आतां सुट्टीच्या दिवशीं दुसरी डबी करीत आहे. तोंवर देवघराशेजारीं रोज संध्याकाळीं वाटी पालथी पडते, आणि ती पडली कीं नाहीं हें आम्ही हल्लीं जाऊन पाहतों.