मोबाइलवरचं कीर्तन

2020 ची आषाढी. 1 जुलैला एकादशी, पण कोरोनामुळे पंढरपुरात संचारबंदी. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका आदल्या दिवशी एसटीनं आल्या. उजनी धरणाच्या काठी कीर्तन मोबाइलवर ऐकलं गेलं. हे भक्तीत धरायचं का?

जागा सुटली म्हणून भक्ती सुटत नाही, हे या काठाला ठाऊक आहे. धरणात पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर बुडालं. गाव वर सरकलं, पूजा नव्या देवळात सुरू झाली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनं शिखर दिसतं.

शिवाय नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. हिशेब सोपा वाटतो खरा! पण वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात, ध्रुपद उचलून धरतात. श्रोतेही विठ्ठलनामाच्या गजरात सामील होतात. थेट प्रक्षेपणात आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि एकाच बाजूनं येतो. घरात कुणी टाळ धरलाच, तरी तो बुवांच्या कानी जात नाही.