क्षणाचा वेग आणि कलनाचे अध्यापन

ज्याला लांबीच नाही अशा एका क्षणात गती असू शकते काय, हा प्रश्न गणिताआधी तत्त्वज्ञानाने विचारला. नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात गतीच्या कल्पनेचेच परीक्षण केले, तर भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत (1150) ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा, म्हणजे त्या-त्या क्षणीच्या गतीचा, व्यवहारात उपयोग केला.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा प्रश्न कालव्यावर भेटतो. शिरूरकडे चासकमान धरणाचे आणि दौंडकडे खडकवासला धरणाचे आवर्तन, म्हणजे सिंचनाच्या पाळीचे पाणी, सुटते तेव्हा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी या मापात, सांगितला जातो आणि धरणातील साठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत. विसर्ग 1000 क्युसेकवर स्थिर राहिला तर एक टीएमसी पाणी जायला सुमारे साडेअकरा दिवस लागतात, आणि त्यासाठी भागाकार पुरतो. परंतु विसर्ग सतत बदलत असेल तर त्याची बेरीज करण्यास संकलन, आणि साठ्यातील बदलावरून त्या क्षणीचा दर काढण्यास विकलन लागते. मात्र नेमक्या सहाच्या ठोक्याला, त्या शून्य अवधीत, कालव्यातून थेंबही पुढे सरकत नाही. मग ‘सहा वाजता 1000 क्युसेक’ या विधानाला अर्थ कोणता?

तत्त्वज्ञ बर्कलीचा कलनावरील आक्षेप (1734) हाच होता: भागताना शून्य नसलेली सूक्ष्म राशी पुढच्याच पायरीला शून्य मानून टाकून देणे, हे तर्काला धरून नाही. एकोणिसाव्या शतकात कोशी आणि वायरश्ट्रास या गणितज्ञांनी दिलेली सीमेची व्याख्या हे त्याचे उत्तर होय. कोणतीही लहान तफावत ठरवली, तरी पुरेशा छोट्या प्रत्येक अवधीतील सरासरी दर ज्या संख्येपासून त्या तफावतीच्या आत राहतो, ती संख्या म्हणजे सीमा, असे ती सांगते. त्यामुळे वेग हा एकट्या क्षणाचा गुण न राहता त्याच्या शेजाराचा ठरतो. वाद येथे पूर्ण मिटला असे मानणे घाईचे होईल, कारण 1960 च्या दशकात गणितज्ञ रॉबिन्सनने सूक्ष्म राशींनाच तर्कशुद्ध आधार मिळवून दिला.

पदवीच्या वर्गातील कलनाच्या रूढ अध्यापनात मात्र उत्तर आधी येते आणि आक्षेप येतच नाही, आणि त्यामुळे सीमेची व्याख्या पाठ होते, पण ती कशासाठी हवी होती हे अंधारातच राहते. पाठ्यक्रमाचे घटक पुढे-मागे करून हा दोष जाणार नाही. बर्कलीच्या आक्षेपाला स्वतःच्या वाक्यांत उत्तर देण्यास परीक्षेत जोवर गुण नाहीत, तोवर सुधारणा झाली असे म्हणता येणार नाही.