साधनशुचिता आणि गरम हवा

नागपूरच्या मे महिन्यात पैसे देऊन गरम हवा विकत घेणारा माणूस एकतर वेडा असला पाहिजे, नाहीतर निवृत्त. मी निवृत्त आहे. वेडेपणाबद्दल आमच्या घरात अजून एकमत व्हायचं आहे.

सीताबर्डीहून भर दुपारी मी खोका घेऊन घरी आलो. खोक्यात हीट गन होती. दिसायला केस वाळवायच्या यंत्राची थोरली, तापट बहीण. रंगारी लोक जुन्या रंगाचे पापुद्रे काढायला वापरतात तीच. किंमत हजाराच्या आत.

"यातून काय निघतं?" सौ.नं विचारलं.

"गरम हवा."

"मग खिडकी उघडायची होती की!"

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. २०१३ च्या मे महिन्यात आमच्या शहरानं ४७.९ अंशांपर्यंत मजल मारली होती. पण कथील आणि शिशाचं नेहमीचं झाळण वितळायला १८३ अंश लागतात, म्हणजे नागपूरसुद्धा सव्वाशेहून अधिक अंशांनी कमीच पडतं. शिसं विषारी म्हणून युरोपनं २००६ पासून त्यावर बंधनं घातली. तेव्हापासून पुष्कळ यंत्रांत येणारं बिनशिशाचं झाळण तर २१७ च्या पुढेच मऊ होतं.

पूर्वी हे सोपं होतं. रेडिओतल्या भागांना चांगले लांब पाय असत. पाय भोकातून काढावा, झाळायची कावी टेकवावी, डाक लावावा, झालं. आता एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असले भाग निघालेत. पाय नाहीतच, नुसते पाटीवर चिकटून बसलेले. कावीनं एक टोक वितळवून दुसऱ्याकडे वळावं तोवर पहिलं थिजतं. म्हणून सगळी टोकं एकदम तापवायला गरम हवा. जाणकार लोक यासाठी हवेची उष्णता आणि वेग दोन्ही आवरता येतील असं यंत्र घेतात. माझ्या बंदुकीला दोनच स्वभाव होते, रागीट आणि फार रागीट.

पहिला प्रयोग एका भंगार पाटीवर केला. झाळण वितळलं आणि त्याच फुंकरीसरशी अकरा भाग अंतर्धान पावले. त्यातला एक दुसऱ्या दिवशी पोह्यांत सापडला. "करपलेली मोहरी," असं म्हणून मी वेळ मारून नेली. थाप लहानच होती, पण ती लक्षात ठेवा.

आठवडाभरात माझा हात बसला, निदान मला तसं वाटलं. अशा वेळी माणसाला दुसऱ्याच्या वस्तू दिसू लागतात. शेजारच्या काकू एकट्याच असतात. सकाळी त्यांच्याकडे आकाशवाणी नागपूर लागलं की गल्लीला उजाडतं. त्यांच्या लहान रेडिओची चार्जिंगची खाच सैल झाली होती आणि दुकानदारानं "फेकून द्या" असा सल्ला दिला होता. मी म्हटलं, "काकू, द्या इकडे. फुकटात करून देतो."

हवेनं भाग उडतात म्हणून पंखा बंद, कूलर बंद. घामाघूम होऊन मी बंदूक रोखली. झाळण चमकलं आणि खाच अशी झक्क जागेवर बसली, की मी स्वतःलाच शाबासकी दिली. मग वास आला. खाचेच्या शेजारी आवाज कमी-जास्त करायची दोन बटणं होती. त्यांची मेणबत्ती झाली होती.

आता पाहा, माणसाचं मन किती कामसू असतं! बंदूक थंड व्हायच्या आत माझ्याजवळ तीन सबबी तयार होत्या. एक, यंत्र स्वस्त होतं. दोन, रेडिओ जुनाच होता. तीन, मी तर फुकटात करत होतो. चौथा विचार असा, की "दुकानदार खरंच बोलत होता हो" एवढंच काकूंना म्हटलं तर कोणाला कळणार आहे? पोह्यांतली मोहरी आता वयात आली होती.

आमच्या नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम. साध्य शुद्ध असेल तर साधनही शुद्धच हवं, हे सांगणारे गांधीजी १९३६ पासून तिथं राहत होते. साधनशुचितेवर मी कॉलेजात निबंध लिहिला होता आणि चांगले गुणही मिळवले होते. पण साधन ढिसाळ असेल तर काय करावं, हे मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

दोन दिवस तेच डोक्यात घोळलं. स्वस्त हत्यार वाईट नसतं. ते फक्त अर्धवट किमतीत मिळतं. महाग यंत्र आपल्या वतीनं लक्ष ठेवतं. स्वस्त यंत्राच्या बाबतीत ते लक्ष आपण ठेवायचं असतं, तीच त्याची उरलेली किंमत. आजूबाजूच्या भागांवर ॲल्युमिनियमचा कागद लावायचा, फ्लक्स घालायचं, बंदूक लांब धरून हळूहळू जवळ आणायची. यातलं काहीही मी केलं नव्हतं, घाई होती. आणि ही उरलेली किंमत आपण भरली नाही तर ती माफ होत नाही. शेजाऱ्याकडून वसूल होते. आधी पाटीवरच्या, मग भिंतीपलीकडच्या.

राहता राहिली तिसरी सबब, तीच सर्वांत चिवट. उपकार करताना झालेली चूक माफ असते, असं आपण धरूनच चालतो. पण काम फुकट होतं ते माझ्या बाजूनं. काकूंच्या बाजूनं त्याची किंमत एक रेडिओ होती. शिवाय खरं सांगायचं तर उपकार मी करतच नव्हतो. मला सरावाला पाटी हवी होती. लहानपणी दारात यायचा तो कल्हईवालासुद्धा पहिल्यांदा स्वतःच्याच ताटावर शिकला असेल.

तिसऱ्या दिवशी जाऊन सगळं सांगून टाकलं. काकूंनी रेडिओ हातात घेऊन पाहिला, वितळलेल्या बटणांवरून बोट फिरवलं.

"वास आला होता भाऊ मले परवाच," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पाहू, कधी सांगते हा माणूस."

मला घाम फुटला, आणि या वेळी पंखा चालू होता.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. तोवर आमचा रेडिओ त्यांच्याकडे. मी आधी चार भंगार पाट्यांवर कागद लावून सराव केला, मग वितळलेली बटणं काढली आणि नवी दोन बटणं बारीक तारांनी जोडली. रेडिओ वाजला. फक्त तारांची अदलाबदल झाली. 'कमी' दाबलं की आवाज वाढतो आणि 'जास्त' दाबलं की कमी होतो.

"काकू, दहा मिनिटांत सरळ करून देतो," मी म्हटलं.

"राहू द्या जी," काकू रेडिओ पदराआड घेत म्हणाल्या. "मले सवय होऊन राहिली आता. तुम्ही फक्त ते बंदूक घेऊन येऊ नका."

रोज सकाळी भिंतीपलीकडे रेडिओ लागतो. आधी एकदम मोठा होतो, मग चूक कळून लहान होतो. तेवढ्यात मी जागा होतो.