दुरुस्तीचा विवेक

ज्या संगणकप्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते तिला मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. आणि अशा प्रणालीची माहितीपुस्तिकाही सर्वांची असल्याने तिच्यातील चूक सुधारण्याचा अधिकार व त्याबरोबर येणारी जबाबदारी, दोन्ही सर्वांच्या वाट्याला येतात. पुस्तिकांतील बऱ्याच चुका केवळ मांडणीच्या असतात: शीर्षकाची पातळी चुकते, कोष्टकातील रकाने सरकतात, एखादे चिन्ह गळते. ‘अर्थ कळतो ना, मग झाले’ असे म्हणून त्यांकडे काणाडोळा केला जातो. परंतु पुष्कळदा अर्थाचा भार मांडणीच वाहत असते.

स्फिंक्स हे साध्या मजकुरातून पुस्तिकेची पाने तयार करणारे साधन पायथन या संगणकभाषेच्या पुस्तिकेसाठी घडवले गेले, २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि आज लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याची, पुस्तिकाही त्यातूनच तयार होते. मजकुरात लागोपाठ दोन संयोगचिन्हे आली की हे साधन एरवी त्यांची एक लांब रेघ करते, कारण छपाईत ती सुबक दिसते. म्हणून संगणकाला जशीच्या तशी टंकून द्यायची आज्ञा दुहेरी बॅकटिकमध्ये, म्हणजे उलट्या अवतरणचिन्हांच्या जोड्यांमध्ये, ठेवावी लागते. ही चिन्हे राहून गेली तर काय घडते, हे आरसिंक या फाइलींच्या प्रती करणाऱ्या आज्ञेवरून समजते. तिला ‘--ड्राय-रन’ हा पर्याय दिला की ती काहीही न बदलता काय बदलले असते एवढेच दाखवते. पण पुस्तिकेतून उचललेल्या ओळीत दोन संयोगचिन्हांची लांब रेघ झाली असेल, तर ती आज्ञा त्या पर्यायाला फाइलीचे नाव समजते, अशी फाइल नसल्याची तक्रार करते आणि बाकीच्या फाइलींच्या प्रती खरोखरच करून टाकते. ज्याला केवळ चाचपणी करायची होती, त्याच्या जुन्या फाइलींवर नव्या फाइली लिहिल्या जातात आणि दोष मात्र तो स्वतःच्याच अज्ञानाला देतो.

शीर्षकांचेही असेच आहे. दृष्टिहीन वाचक एनव्हीडीएसारख्या, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या मुक्तस्रोत प्रणालीच्या साह्याने एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातात; तेथे शीर्षकाची खूण न करता अक्षरे नुसतीच ठळक केली असतील, तर डोळस वाचकाला दिसणारे ते शीर्षक दृष्टिहीनाच्या लेखी नसतेच. म्हणून मांडणीची दुरुस्ती हे अनोळखी वाचकाचे देणे आहे, आणि ते क्षुल्लक मानणे म्हणजे त्या वाचकालाच क्षुल्लक मानणे होय.

तथापि दुरुस्ती हा दुसऱ्याच्या श्रमांत केलेला हस्तक्षेपही असतो. अनेक पुस्तिकांची भाषांतरे गेटटेक्स्ट या पद्धतीने होतात, जिच्यात मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याचे भाषांतर यांची जोडी लावलेली असते. मूळ वाक्यात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी जोडी जुळेनाशी होते, जुने भाषांतर ‘फझी’ म्हणजे संदिग्ध ठरते आणि भाषांतरकार ते पुन्हा तपासून देईपर्यंत मराठी वाचकासमोर पुन्हा इंग्रजी वाक्यच येते. म्हणून केवळ आवडीखातर वाक्यांची चिन्हे बदलत सुटणारा माणूस, त्याच्या नकळत, अनेक भाषांतील स्वयंसेवकांच्या कष्टांवर पाणी फिरवत असतो.

हेतूचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१४ पासून दरवर्षी ऑक्टोबरात भरणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात, मुक्तस्रोत प्रकल्पांना ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंत्या, पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये पुस्तिकांत एखादा निरर्थक शब्द घुसडणाऱ्या विनंत्यांचा असा पूर आला, की त्या तपासणारे विनावेतन स्वयंसेवक मेटाकुटीस आले आणि ज्या प्रकल्पांची संमती असेल त्यांनाच उपक्रमात धरण्याचा नियम आयोजकांना ऐन ऑक्टोबरात करावा लागला. एका शब्दाची प्रामाणिक दुरुस्ती आणि एका शब्दाची ही घुसखोरी आकाराने सारख्याच. पहिलीत वाचकाची अडचण दूर होते, तर दुसरीत केवळ पाठवणाऱ्याच्या नावावर एक नोंद वाढते.

यातून दुरुस्तीचा विवेक स्पष्ट होतो. चूक कोणत्या वाचकाला कोठे अडवते हे आधी सांगता आले पाहिजे. बदल तेवढ्यापुरताच असावा, आशयाच्या बदलाशी त्याची सरमिसळ होऊ नये. आणि तो पाठवण्यापूर्वी पुस्तिका पुन्हा तयार करून ते पान डोळ्यांखालून घालावे. प्रकल्पाची निगा राखणाऱ्यांनीही, पहिलेच संयोगचिन्ह दुरुस्त करून पाठवणाऱ्या नवख्याला चार शब्दांत का होईना, पण आदराने उत्तर द्यावे. कारण जे सर्वांचे असते त्याला कोणीच वाली नसण्याचा धोका कायमचा असतो, आणि दुसऱ्याची अडचण स्वतःची मानून ती दूर करणाऱ्या माणसांमुळेच तो टळतो.