मिलचा ग्रंथ कोणासाठी?



पाश्चात्त्य राजकीय विचारवंतांचे जुने ग्रंथ आपण का वाचावेत, असे वरवट बकालमध्ये कोणी विचारले तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही. त्यांतले बरेचसे आपल्यासाठी लिहिलेलेच नव्हते. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, असे ॲरिस्टॉटल मानत असे. जॉन स्टुअर्ट मिलने तर ३५ वर्षे ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी केली. १८६१ साली त्याने प्रातिनिधिक शासनावर ग्रंथ लिहिला. लोकांनी आपले राज्य आपण चालवावे, हे त्याने त्यात तळमळीने मांडले आहे. पण शेवटच्या प्रकरणात हिंदुस्थानचा विषय निघाला, की या लोकांना ते अजून झेपणार नाही, असा त्याचा सूर लागतो.

याच ग्रंथाचे पुढे काय झाले पाहा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत बोलत होते. माणूस कितीही थोर असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये, हा मिलचा इशारा त्यांनी सभासदांना ऐकवला. तो याच ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणातला. जोडीला डॅनियल ओ'कॉनेल या आयरिश पुढाऱ्याचा दाखला दिला. (ज्याच्या चळवळीमुळे १८२९ साली कॅथलिकांना ब्रिटिश पार्लमेंटचे दार उघडले, तोच हा.) उपकाराची फेड म्हणून राष्ट्राने स्वातंत्र्य देऊ नये, असे त्याचे म्हणणे. धर्मातली भक्ती आत्म्याला तारेल, राजकारणातली मात्र अधोगतीला नेईल, ही भर बाबासाहेबांची स्वतःची.

बाबासाहेबांनी मिलला माफ केले होते का? मला तसे वाटत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांनी सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला, त्यांनी ग्रंथाच्या बाबतीतही तेच केले. पाणी कोणी अडवले होते, हे ते विसरले नाहीत. आणि म्हणून पाणी टाकूनही दिले नाही.

मात्र असे वाचन आपल्यावरही उलटते. दुसऱ्याने आपल्याला कुठे वगळले, ते चटकन दिसते. आपण कोणाला वगळतो? स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून याच मिलने १८६७ साली पार्लमेंटमध्ये दुरुस्ती सुचवली होती. ती फेटाळली गेली. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरी कितीतरी गावांत सरपंच बाई असते, आणि ग्रामसभेत बोलायला तिचा नवरा उभा राहतो. लोक त्यालाच सरपंच म्हणून हाक मारतात, आणि तोही ओ देतो.